राधाबाईंचं घर गळत नाही

आमचा गुरुदासमामा पावसात छत्री घेत नाही.

वालावलहून कुडाळला कचेरीत भिजत जातो, दिवसभर ओल्या धोतरात कारकुनी करतो आणि भिजतच घरी येतो. लोक त्याला चक्रम म्हणतात. मीही म्हणायचे. पण मामीने आईला जे सांगितलं, ते मी दाराआडून शब्द न् शब्द ऐकलंय. यातलं काही खोटं असेल तर लक्ष्मीनारायणाच्या पायरीवर उभी राहून शपथ घेईन.

साल अठ्ठावन्न. मृगाचा पाऊस. वेळ तिन्हीसांजेची. घर राधाबाईंचं.

म्हणजे तोवर ते मामाचं झालं होतं. कसं झालं, ते आधी सांगायला हवं.

राधाबाई एकट्या, विधवा. घर जुनं, नळ्यांचं, म्हणजे गोल कौलांचं. मामाला ते मनापासून हवं होतं, पण तेवढी ऐपत नव्हती. मे महिन्यात तो बघायला गेला तेव्हा छपराकडे बघत म्हणाला, "काकू, हे गळत असणार."

"माझा घर गळणा नाय," म्हातारी म्हणाली. "दर वरसाक मीच नळे परततंय. जेवून जा झिला, कुळथाची पिठी करतंय."

आणि ती चुलीकडे गेली.

मामा वासे बघतो म्हणून माजघराच्या अर्ध्या माळ्यावर चढला. हातात छत्री होती...

छत्रीच्या टोकाने त्याने आतूनच दोन नळे सरकवले. बोटभर उजेड आत आला. मामा खाली उतरून हात धुऊन बसला.

मग शेजारच्या बाबलीकाकांना आणि चार माणसांना बोलावलं. ऐन उन्हाळा, पाऊस कुठला? म्हणून शिडी लावून छपरावर घागरी ओतून बघायचं ठरलं. राधाबाई स्वतः माजघरात मधोमध मांडी घालून बसल्या. हसत होत्या.

"वता रे बाबली. थेंब पडलो तर सांग."

पाणी पडलं ते सरळ त्यांच्या डोक्यावर.

"म्हातारे, न्हाण झाला मगे!" बाबलीकाका वरून ओरडले. सगळे हसले.

राधाबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि वर बघत राहिल्या. "असा कसा झाला..." एवढंच म्हणाल्या.

मामाला तेव्हा बोलता आलं असतं.

तो बोलला नाही. त्याच घरात पिठीभात जेवला. घर निम्म्या किमतीत मिळालं. राधाबाई खारेपाटणला भाचीकडे गेल्या.

मामा-मामी राहायला आले. नळे परतणारी माणसं मिळायच्या आत पाऊस आला... आणि असा आला की खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, तुळशीवृंदावन दिसेना.

सुगंधामामीने भोकाखाली घंगाळ ठेवलं.

एक घटका गेली. घंगाळात टपटप नाही. टिपूस नाही.

काहीच नाही.

मामीने आत हात फिरवला. कोरडं.

"तुमी म्हणत होतात मा, गळता म्हणान?"

मामाने वर बघितलं. सकाळी त्या भोकातून आभाळ दिसत होतं. आता तिथे काळोख होता. बाहेर अजून उजेड होता... आणि तेवढ्याच जागी काळोख.

कुणीतरी पाठ टेकून बसावं तसा.

मग वरून आवाज आला...

खोकल्याचा.

म्हातारं माणूस भिजल्यावर खोकतं तसा. दबलेला. घरातल्यांना कळू नये असा.

"मांजर असेल," मामा म्हणाला.

"मांजर खोकता?" मामी म्हणाली.

पाऊस थांबला. मामाने वर बघितलं तर भोकातून स्वच्छ आभाळ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी खारेपाटणहून भाचीचा नवरा आला. राधाबाई वारल्या होत्या. मृग लागायच्या आदल्या दिवशीच.

"आजारात सारखी एकच इचारी," तो सांगत होता. "पाऊस इलो काय? माझ्या घरात थेंब पडलो काय?"

मामाने चहाची कपबशी खाली ठेवली. पाहुणा गेल्यावर मामाने मामीला सगळं सांगितलं. मान वर न करता.

मामी म्हणाली, "ती थंय वर भिजता... आणि आपण हंय सुके."

माणसं आली. सगळे नळे परतले, भोक बुजलं. आता तिला बसायचं कारण नव्हतं.

पाऊस आला.

वर कुणीतरी खोकलं...

मामाला राहवेना. तिन्हीसांजेला तो शिडीने छपरावर चढला आणि आपली छत्री उघडून, सुंभाने आढ्याला बांधून आला. कुणी विचारलं तर काय सांगणार होता, देव जाणे.

रात्रभर पाऊस धो धो कोसळला.

सकाळी दार उघडायच्या आधीच मामी थबकली. दाराच्या आत खुंटीवर छत्री टांगलेली होती. नेहमीच्या जागी. नीट मिटलेली.

दाराला आतून कडी होती.

मामाने छत्रीला हात लावला...

छत्री कोरडी ठाक होती.

"तिका छत्री नको," मामी म्हणाली. "चार माणसांत ती खोटी ठरली. तेंच्याच समोर जावन सांगा."

मामा तसाच निघाला. बाबलीकाकांच्या खळ्यापर्यंत गेला. काका सुपारी कातरत बसले होते. "काय गुरुदास, म्हातारीचा घर गळता काय रे अजून?" म्हणून हसले.

मामाही हसला. आणि परत आला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. छत्री अजून त्याच खुंटीवर आहे, तिला कुणी शिवत नाही. यंदा मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारी पाऊस लागला तसा मामा उठला, खळ्यातून भिजत बाबलीकाकांच्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, गेला. बेड्यावर हात ठेवून उभा राहिला. मी पडवीतून बघत होते. मनात म्हणत होते, बोल ना रे मामा, बोल एकदाचा.

तो मागे वळला.

आणि माझ्या डोक्यावर, नळ्यांच्या पलीकडे... कुणीतरी हळूच खोकलं.