शक्यता: एक

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायला अंगात थोडं धाडस लागतं, ते माझ्याकडे कधीच नव्हतं. मी आयुष्यभर तक्ते भरले. कुठे काही चुकलं तर ते माझ्या सांगण्यात चुकलं असेल, घडण्यात नाही.

दिवस गुरुवार. भर दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. जागा, जहाज कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरची जुन्या फायलींची खोली. तिथे मी, एक खुर्ची आणि एक लोखंडी कपाट.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जहाजावरच्या प्रत्येक कामाचा धोक्याचा तक्ता करायचा. अपघाताची शक्यता किती, एक ते पाच. झालाच तर नुकसान किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. सहाच्या आत आला तर चौकोन हिरवा, पंधराच्या वर गेला तर लाल, मधला पिवळा. लाल असेल तर कोणी बंद जागेत उतरताना दुसरा माणूस दाराशी उभा राहिलाच पाहिजे. हिरवा असेल तर गरज नाही.

माणसाचा जीव पाढ्यांवर तोलायचा. आम्ही हे गंभीर चेहऱ्याने करायचो.

आमच्या साहेबांना लाल रंग सोसायचा नाही. लाल म्हणजे एक माणूस जास्त, एक तास जास्त. पाठीमागे सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला 'काका' म्हणायचे, पण खुर्चीला खुर्ची म्हणावं तसं.

त्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर एक खलाशी मेला. नांगराची साखळी ठेवतात त्या कोठीत. बंद, ओली, लोखंडी कोठी. साखळीला गंज चढतो आणि तो गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. धूर नाही, इशारा नाही. माणूस उतरतो आणि वर येत नाही.

त्याचं पत्रक आमच्याकडेही आलं. मी नवा तक्ता केला. नुकसान पाच, शक्यता चार. वीस. लाल.

"काका, चार?" साहेब म्हणाले. "आपल्याकडे झालंय का कधी?"

"नाही साहेब, पण पत्रकात..."

"शेजारच्याकडे चोरी झाली म्हणून आपण पोलिसांना बोलावतो का? एक करा."

मी एक केला.

साहेबांनी पेनाला हातही लावला नाही. चार खोडून एक लिहिलंय ते अक्षर माझं आहे.

त्याच चौकोनाखाली मी एक नियम लिहिला होता. आतल्याने दर पाच मिनिटांनी भिंतीवर हातोडीचा एक ठोका द्यायचा: ठीक आहे. बाहेरच्याने एक द्यायचा: ऐकलं. दोन ठोके म्हणजे, बाहेर काढा.

चौकोन हिरवा झाला. नियम तसाच राहिला, बाहेरचा माणूस तेवढा गेला. असली कारागिरी आमच्याच धंद्यात जमते.

माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच एका जहाजावर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. निघायच्या आदल्या दिवशी जेवायला आला. तक्ता त्याने वाचला होता. कोणी भरला, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"दाजी, बाहेर कोणी नाही, मग ठोके द्यायचे कोणाला? माशांना?"

"मला दे," मी म्हणालो. आयुष्यात मी विनोद फार थोडे केले. त्यातला हा एक.

तो हसला. जेवणभर ताटावर चमचा वाजवत बसला. एक. एक. मग दोन.

"ताई, दोन म्हणजे काय, सांग."

"म्हणजे गप जेव."

"म्हणजे मला बाहेर काढ."

ते आमचं शेवटचं जेवण. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गुरुवार.

तीन दहाला कपाटातून...

ठक्.

लोखंडावर लोखंड. मी फाईल तशीच धरून बसलो.

तीन पंधराला...

ठक्.

कपाट उघडलं. फायलीच होत्या. पण आतून गार हवा आली, आणि ओल्या गंजाचा वास...

तीन वीसला...

ठक्. ठक्.

मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांच्यासमोर दोन पाहुणे बसले होते. जहाजाला फोन लावायचा तर साहेबांची परवानगी लागायची.

"साहेब, कपाटातून ठोके येतायत. जहाजाला एकदा फोन लावू का?"

"उंदीर असेल, काका. त्याचाही तक्ता करा. शक्यता एक."

पाहुणे हसले.

मीही हसलो. बाकी सगळं एक वेळ सोडून देता येईल, पण मी हसलो होतो.

परत आलो तेव्हा ठोके चालूच होते. दोन. थोड्या वेळाने दोन. मग एक, आणि दुसरा नुसता घासल्यासारखा...

मग काहीच नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

संध्याकाळी जहाजावरून निरोप आला. तीनच्या सुमाराला सारंग एकटाच साखळीच्या कोठीत उतरला होता. सहाला सापडला. हातोडी हातात घट्ट होती.

चौकशी झाली. 'सारंगाने पुरेशी सावधगिरी बाळगली नाही.' 'अपघातातून आपण काय शिकलो' यावर साहेब हल्ली भाषणं देतात. नव्या तक्त्यात त्यांनी शक्यता एकाची दोन केली. पाच दुणे दहा. पिवळा. पिवळ्यालाही बाहेरचा माणूस लागत नाही. एवढं शिकले.

आणि मी? मी नोकरी सोडतानासुद्धा 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. तो खोडलेला कागद मात्र घरी आणला आणि माझ्या पुस्तकांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. बायकोला वाटतं, तक्ता साहेबांनी भरला. मी तिला तसं वाटू दिलं.

त्याच आठवड्यात ठोके घरी आले.

रोज तीन दहाला एक. मी बोटाच्या पेराने उत्तर देतो, एक. तीन पंधराला पुन्हा. तीन वीसला मी श्वास रोखून बसतो...

आणि काही येत नाही.

नऊ वर्षं. मी भेकड माणूस आहे, पण या कामाला एकही खाडा केलेला नाही. बायकोने कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला ऐकूच येत नाही.

आज तीन वीसला...

ठक्. ठक्.

सवयीने मी एकच ठोका दिला. ऐकलं.

पुन्हा दोन.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते.

"अहो," ती म्हणाली, "दोनदा वाजलं. उघडा ना."

मी हे लिहायला घेतलं, कारण हात कशात तरी गुंतवायला हवे होते. किल्ली अजून माझ्या खिशात आहे. बायको दारातून हललेली नाही.

आणि ठोके... हळू व्हायला लागलेत.