प्रतिकूल बाजूची अक्षदा

ओतूरच्या कॉलेजात वादविवादाची जोडी चिठ्ठ्या टाकून ठरायची, म्हणून अक्षदा आणि गोकुळ एकमेकांच्या वाट्याला आले. एरवी येण्याचं काही कारण नव्हतं. ती एफ.वाय. बी.ए.ला, पहिल्या बाकावर. तो एस.वाय. सायन्सला, आणि पहिल्या तासाला हमखास उशिरा, कारण टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात पोचवून मग तो यायचा.

मंचरच्या स्पर्धेचा नियम असा, की एका कॉलेजचे दोघं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध, आणि दोघांचे गुण मिळून करंडक. कुणाची कुठली बाजू, तेही घोलप सर चिठ्ठीवरच सोडायचे. यंदाचा विषय होता : गर्भपाताचा निर्णय सर्वस्वी स्त्रीचाच असावा. गोकुळला आली अनुकूल बाजू, अक्षदाला प्रतिकूल.

"बदलून घ्यायची का?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाटतं, बापाला बी इचारलं पाहिजे. माझी चिठ्ठी तुला शोभंल."

"मला कुठलीपण चालते."

"तसं न्हाई… तुला सोताला काय वाटतं?"

अक्षदानं वही उघडली. तिला स्वतःचं असं मत नव्हतंच. 'मोबाईल शाप की वरदान' या विषयावर तिनं दोन्ही बाजूंनी कप मिळवले होते. चिठ्ठी आली की मत यायचं, कप मिळाला की जायचं. अठरा वर्षांत यात काही उणं आहे असं तिला वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि ते या उशिरा येणाऱ्या मुलामुळं वाटलं, याचा तिला थोडा राग आला. राग आला की ती त्या माणसाकडं जास्त वेळा बघते, हे तिच्या ध्यानात यायला आणखी चार दिवस लागले.

माहितीसाठी गोकुळनं तिला त्याच्या गावी, येडगावला न्यायचं ठरवलं. तिथल्या आशा सेविका रत्नाकाकी बाळंतपणापासून सगळं बघायच्या. शनिवारी दुपारी दोघं त्याच्या मोटारसायकलवर निघाले. श्रावणातली भुरभुर चालू होती. इकडच्या सगळ्या मुलींसारखा अक्षदानं डोळे सोडून पूर्ण चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला होता. रस्त्यातले खड्डे असे, की पोचेपर्यंत तिला मळमळायला लागलं.

आता रत्नाकाकींनी काय पाहिलं ते बघा. दारात संपतचा पोरगा गोकुळ. त्याच्यामागं तोंड झाकलेली अनोळखी पोरगी, भिंतीला हात टेकून उभी. आणि गोकुळ मान खाली घालून म्हणतोय, "काकी, जरा माहिती पाहिजे व्हती… गर्भपाताची."

काकींनी दारात एक अक्षर विचारलं नाही. अक्षदाच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेतलं, गोकुळला म्हणाल्या, "तू ओट्यावर बस," आणि दार लोटलं. तांब्याभर पाणी दिलं. समोर बसल्या.

"कितवा महिना?"

अक्षदाला सगळा घोटाळा कळला. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण शरमेनं तिची जीभच उचलेना.

"बरं, नको सांगू. अठरा पूर्ण हायेत का?"

"मार्चमध्ये झाली," अक्षदा म्हणाली. हे तरी खरं होतं.

"मंग सही तुझीच लागती. आईबापाची न्हाई, त्या भाईरच्याची बी न्हाई. दवाखान्यात मी संगं येईन. वेळेत गेलं तर कायद्यात बसतं, भ्यायचं काम न्हाई. पर आदी मला सांग, तुला काय पाहिजे? ठेवायचं म्हनलीस तरी मी हाये, न्हाई म्हनलीस तरी मी हाये. त्यो काय म्हनतो ते मागून ऐकू."

काकी थांबल्या, आणि खरोखर वाट बघत राहिल्या. अक्षदाला घरी, कॉलेजात, कुठंही असं कुणी विचारून थांबलं नव्हतं. एक मिनिटभर ती काकींच्या मनातल्या त्या मुलीच्या जागी बसली. या खोलीत आत्ता आई असती तर? सर असते तर? गोकुळ असता तर? प्रत्येकाला मनातल्या मनात आत आणून बघितलं, आणि प्रत्येक वेळी तिला घुसमटल्यासारखं झालं. गोकुळला आणल्यावर जरा कमी झालं, पण झालं.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "आमची वादविवाद स्पर्धा आहे. मंचरला. मी त्याच्याबरोबरची… म्हणजे जोडीतली आहे. भाषणाच्या."

काकींनी कपाळावर हात मारला, मग तोंडाला पदर लावून हसत बसल्या. "ए भाषनवाल्या, ये आत," त्यांनी हाक मारली. चहा झाला, माहिती झाली. निघताना काकींनी अक्षदाच्या पाठीवर हात ठेवला तो मात्र मघासारखाच होता.

परतीच्या वाटेवर तिनं गोकुळला घोटाळा सांगितला. त्यानं गाडीच थांबवली.

"म्हंजे काकींना वाटलं, मी… आपण…"

"हो."

गोकुळ कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "मंग मला भाईर का बसवलं? तसं असतं तर मी तुझ्याजवळ बसलो असतो. पळून गेलो नसतो."

"माहितीये."

"समज… खरंच तसं असतं. मला इचारलं असतंस?"

हे त्यानं समोरच्या रस्त्याकडं बघत विचारलं. अक्षदाला स्कार्फच्या आत हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. उत्तर तिच्याकडं तयार होतं. पण ते त्याला आवडणारं नव्हतं, आणि त्याला आपण आवडावं असं तिला फार वाटत होतं.

"पाऊस वाढेल," ती म्हणाली. "चल."

मंचरला ती प्रतिकूल बाजूनं बोलली, नेहमीसारखं नेटकं. मूल दोघांचं, घर सगळ्यांचं, मग निर्णय एकटीचा कसा? टाळ्या पडल्या. गोकुळही बरा बोलला. करंडक ओतूरला आला, उत्कृष्ट वक्ता अक्षदा.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी तिला अडवलं. पांढरा शर्ट, छातीला संयोजकांचा बिल्ला. "लई ब्येस बोलली पोरी. आमच्या सुनंला आनायला पाहिजे व्हतं ऐकायला. ह्या गोष्टी घरच्यांनी ठरवायच्या. बाईच्या जातीला काय कळतं त्यातलं."

त्या सुनेचं नावही अक्षदाला ठाऊक नव्हतं, पण आज संध्याकाळी तिच्यापुढं हे भाषण कसं ऐकवलं जाईल ते दिसलं.

"काका, ती मला आलेली बाजू होती," ती म्हणाली. "माझं मत तसं नाही. सुनेला सांगायचं असेल तर हेपण सांगा. पोट तिचं, ठरवायचं तिनं."

गृहस्थांचा चेहरा उतरला. घोलप सर घाईघाईनं करंडक घेऊन पुढं झाले. गोकुळ मात्र तिथंच उभा राहिला.

परतताना दोघं कळंबला चहाला थांबले. ग्लास अर्धा झाल्यावर अक्षदानंच सुरुवात केली.

"तू त्या दिवशी विचारलं होतंस. तर… विचारलं असतं तुला. सगळ्यात आधी तुलाच. पण ठरवलं मी असतं. तुझं न ऐकताही, कदाचित."

गोकुळनं ग्लास खाली ठेवला. "मला न्हाई पटलं हे," तो म्हणाला. "खरं सांगतो. वाईट वाटलं असतं लई."

"वाटलं असतं," ती म्हणाली. तिनं शब्द मागं घेतला नाही.

नाशिककडं जाणारा एक टेम्पो चिखल उडवत गेला. गोकुळ बराच वेळ विचार करत होता. तो खोटं बोलणार नाही याची तिला खात्री होती, आणि म्हणूनच तिनं विचारलं.

"रागावलास?"

"न्हाई. इचार करतोय, की उद्या तू मला बरं वाटावं म्हनून हो म्हनायला लागलीस, तर मला ते आवडंल का." त्यानं मान हलवली. "न्हाई आवडनार. अक्षदा, मला तू… म्हंजे मला तुझ्यासंगं ऱ्हायचंय. पुढं, सगळं शिकून झाल्यावर बी."

"हे सांगतोयस की विचारतोयस?"

"इचारतोय."

"मग थांब जरा," ती म्हणाली.

तो थांबला. चहा गार झाला तरी थांबला, एकदाही घाई केली नाही. अक्षदानं नीट विचार केला, कुणालाही मनात आत न आणता.

"हो," ती म्हणाली.