सात नंबरला कोण बसलंय?

मोबाईलच्या पडद्यावर सात नंबरच्या मागाजवळ एक माणूस बसला होता आणि त्याच्या डोक्यावर नाव नव्हतं.

एवढंच. मला आधी वाटलं, काचेवर डाग आहे. मी नखाने खरवडून पाहिला.

मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, त्यावरून घरी अजून चेष्टा होते. पण त्या दुपारी दीड वाजता, लख्ख उन्हात, एका बिननावाच्या चित्राला घाबरण्यासारखं काही नव्हतं. ती चूक होती आणि चुका शोधायचाच मला पगार मिळतो.

आमचं ऑफिस म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या डोक्यावरची खोली. खाली बारा यंत्रमाग, वर आम्ही दोघी. कंपनी उत्कर्षाताईंची, कोड माझा. आम्ही मोबाईलवरचा एक खेळ बनवत होतो, त्यातही बारा मागच होते. धागा तुटला की खेळणाऱ्याने बोट टेकवून गाठ मारायची, उशीर झाला की टॉवेलला भोक. प्रत्येक मागाला एक कामगार, डोक्यावर त्याचं नाव, खांद्यावर टॉवेल. त्या दिवशी ताई पुण्याला गेल्या होत्या, चार वाजता तिथल्या लोकांना खेळ दाखवायला. सकाळीच त्यांचा फोन आला होता, "सुकन्या, खेळ मध्येच बंद पडतोय गं. चारच्या आत बघ, नाहीतर आपलं दुकान बंद."

खालच्या कारखान्यात माझे वडील, धुळाप्पाअण्णा, जॉबर आहेत. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. बिघडलेला माग तो खोलतो, त्याच्या पोटात शिरतो आणि चालू करून देतो. अण्णांना ही विद्या मडिवाळप्पांनी शिकवली. ते अक्कलकोटकडचे, कानडी. सगळ्या पोरींना 'बा अव्वा', म्हणजे 'ये बाई', म्हणून बोलवायचे. मागच्या वर्षी गेले. कारखान्यात त्यांचा एक नियम अजून पाळतात. जो मागाखाली शिरेल, त्याने आपल्या खांद्यावरचा टॉवेल त्या मागाच्या दांड्यावर टांगायचा. टॉवेल दिसतोय तोवर मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही. लाइट अचानक गेली की माग चालू स्थितीतच थांबतात. मग लाइट आल्यावर नुसता मेन ओढला, तरी बाराच्या बारा एकदम धडाडतात, आणि आत कोण अडकलंय हे लोखंडाला कळत नाही.

आमच्या खेळातला जॉबर आम्ही मडिवाळप्पांवरूनच केला होता. चाल त्यांची, आवाजही त्यांचाच, ते असताना रेकॉर्ड केलेला. ते गेल्यावर कस्तुराबाई जिना चढून वर आल्या. या त्यांच्या पत्नी, खाली कांड्यांवर सूत भरतात. एरवी मला बघितलं की म्हणायच्या, "काय गं, दिवसभर मोबाईल खेळतीस आन् पगार घेतीस व्हय?" त्या दिवशी मात्र दारातच उभ्या राहिल्या.

"त्यास्नी त्या खेळातनं काढ की पोरी. मेल्यावर बी मागावरच उभं ऱ्हायचं का त्यांनी?"

मी काढलं. चित्र, चाल, आवाज, सगळं पुसलं.

त्यामुळे हा बिननावाचा बसलेला माणूस दिसल्यावर मला कारण लगेच सुचलं. मडिवाळप्पांना काढताना माझी मोजणी एकाने चुकली असणार. म्हणजे खेळ सुरू होताना तेरावा कामगार तयार होत होता. त्याच्यासाठी जागा राखली जात होती, पण तिच्यात नाव, चेहरा, ठिकाण काहीच भरलं जात नव्हतं. अशा ऑब्जेक्टची, म्हणजे कोडमधल्या अशा अर्धवट वस्तूची, गंमत असते. ती जागा रिकामी नसते. भाड्याची खोली घ्यावी आणि आधीच्या माणसाचा कंगवा, चपला, कॅलेंडर तिथंच असावं, तसं. मेमरीत आधी जे कुणी राहून गेलं, त्याचं उरलंसुरलं घेऊन तो ऑब्जेक्ट उभा राहतो. म्हणूनच तर खेळ कोसळतो.

मी कोडला लागले आणि तेवढ्यात लाइट गेली.

खालचा खडखडाट एका क्षणात थांबला. ज्यांनी मागाखाली दिवस काढलेत त्यांनाच ती शांतता कळेल. ती कानात दुखते. खालून विणकरांची पावलं बाहेर गेली, चहाच्या टपरीकडे. मग वर फक्त लॅपटॉपचा पंखा आणि जिन्यातून येणारा सुताचा, ग्रीसचा वास. लाइट गेली की जॉबरचं काम सुरू होतं, अण्णा आता खाली एकटेच असणार, हे मला माहीत होतं. त्यांना साखरेचा त्रास आहे. सकाळी गोळी घेतलेली, दीडला वर येऊन माझ्याबरोबर जेवायचं ठरलेलं. पावणेदोन झाले होते. येतील, म्हटलं. माझं डोकं त्या तेराव्यात होतं.

मी खेळ पुन्हा सुरू केला. तो सात नंबरलाच होता.

पुन्हा सुरू केला. सात नंबर.

इथे मला पहिल्यांदा थंडी वाजली. काही न भरलेल्या ऑब्जेक्टच्या पोटात कचरा असतो, आणि माझ्या अनुभवात कचरा दर वेळी वेगळा निघतो. एकदा माणूस आभाळात उगवतो, एकदा जमिनीखाली, एकदा दिसतच नाही. हा दर वेळी सात नंबरच्या मागच्या अंगाला, भिंत आणि मागाच्या फटीत, तिथल्या तिथेच. मी नीट पाहिलं. तो बसलेला नव्हता. कलंडलेला होता. एक हात मागाखाली, डोकं भिंतीला. आमच्या खेळात कामगार उभे असतात किंवा चालतात. कलंडलेला माणूस आम्ही कधी काढलाच नव्हता...

मी चूक दुरुस्त केली. मोजणी बाराची केली, शिवाय प्रत्येक ऑब्जेक्ट तयार होतानाच त्याचं सगळं शून्य करून टाकलं. आता तेरावा असूच शकत नव्हता. मोबाईलवर नवा खेळ चढवला, बोट टेकवलं.

बारा माग. बारा नावं. आणि सात नंबरच्या मागे तो.

या वेळी मी चित्र मोठं केलं. चेहरा नव्हता, सपाट करडा रंग. अंगात बनियन. आणि खांदा मोकळा. बाकी बाराही जणांच्या खांद्यावर टॉवेल, त्याच्या नाही.

का कोण जाणे, मी मान वळवून डब्याकडे पाहिलं.

सकाळी निघताना माझ्या पिशवीची चेन तुटली होती. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यात आमचा दोघांचा डबा बांधून दिला होता. "वर ठिव तुज्याजवळ. दुपारी येतो की," म्हणाले होते. निळ्या काठाचा टॉवेल, टेबलाच्या कोपऱ्यात, गाठ मारलेला. सकाळपासून तिथंच होता.

मी फोन लावला. खालून, अगदी बारीक, अण्णांच्या फोनची रिंग ऐकू आली. वाजत राहिली. बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली...

जिना मी कशी उतरले ते मला आठवत नाही. डबा टॉवेलसकट हातात होता, आणि घाईत माझा फोन वरच राहिला, एवढं आठवतं. शेडच्या दाराशी खिळ्याला अण्णांचा शर्ट लटकत होता. फोन त्याच्या खिशात. खाली त्यांच्या चपला, एकीवर एक.

आणि समोरच्या टपरीतला बल्ब लागला. लाइट आली होती.

शिवराज हा विणकरांतला सगळ्यात चपळ. चहाचा कप टाकून तो माझ्याही आधी मेन स्विचपाशी पोचला.

"थांब शिवराज! अण्णा आत आहेत!"

"आत कोन न्हाय गं. बघ की, एकाबी दांड्यावर टॉवेल न्हाय." त्याचा हात खटक्यावर होताच. "धुळाप्पामामा गेलं आसतील भाईर."

मी डबा त्याच्या तोंडासमोर धरला. निळ्या काठाचा टॉवेल त्याने ओळखला. त्याच्या हातातला जोर गेला, ते मी पाहिलं.

पुढचं आधी सांगून टाकते. शेवट माहीत नसलेली गोष्ट मला स्वतःला ऐकवत नाही, तर तुमचा जीव कशाला टांगून ठेवू? अण्णा ठणठणीत आहेत. हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीत बिनसाखरेच्या चहावरून आईशी भांडतायत, आणि त्या भांडणाइतकं गोड मला या घरात दुसरं काही वाटत नाही. साखर उतरून ते सात नंबरच्या मागे कोसळले होते, हात मागाच्या पोटात तसाच. मेन ओढला असता, तर आधी तो हात गेला असता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी शुद्ध नसावी, दातखीळ बसली होती. चमच्याने साखरेचं पाणी घालायला दोन माणसं लागली. अण्णांना काहीच आठवत नाही.

चार वाजता ताईंनी मी पाठवलेला नवा खेळ दाखवला. एकदाही कोसळला नाही. संध्याकाळी मी पडद्यावर सात नंबरला पाहिलं, फट रिकामी होती. नंतर मी खेळात एक गोष्ट स्वतःहून घातली. सात नंबरच्या दांड्यावर एक टॉवेल असतो. खेळात त्याचा काही उपयोग नाही, खेळणारे विचारतात तो कशाला आहे. मी रोज काम सुरू करताना त्याला मनातल्या मनात हात जोडते.

कस्तुराबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी कांडी भरायची थांबवली नाही. भरता भरताच विचारलं, "आवाज खरंच ऐकलास व्हय?" मी हो म्हटलं. मग त्या डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग. आसू दे त्यास्नी मागावर."

तर तो आवाज.

शिवराज खटका धरून उभा राहिला आणि मी आत शिरले. दिवसाउजेडीही ती शेड अंधारी असते. खिडक्यांवर सुताची कुसळं इतकी बसलीत की ऊन करडं होऊन आत येतं. बारा माग, त्यांच्यामधून माणूस आडवा होऊन जाईल एवढ्याच वाटा. पडद्यावर मी काय पाहिलं ते मला माहीत होतं, पण खऱ्या शेडमध्ये मागांवर नंबर नाहीत. दारातून मोजायचे की पलीकडच्या भिंतीकडून, हे कामगारांना पाठ, मला नाही.

"अण्णा..."

कुठेतरी तेलाचा थेंब पत्र्यावर पडला.

"अण्णा, कुठं आहात?"

माझाच आवाज सुतात बुडून गेला. बाहेर कुणीतरी शिवराजला विचारत होतं, काय झालं, ओढ की मेन. तो म्हणाला, थांब जरा. पण किती वेळ थांबणार? मी डावीकडे वळले, मग परत आले. टॉवेलची गाठ मी इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली.

आमचे अण्णा सांगोल्याकडचे. आयुष्य या कारखान्यात गेलं, पण त्यांना कानडीतून पाणीसुद्धा मागता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय.

"अण्णा!" मी तिसऱ्यांदा हाक मारली. "ओ द्या की हो... कुणीतरी ओ द्या..."

तेव्हा उजव्या हाताला, भिंतीच्या बाजूने, अगदी शांत, रोजच्या कामातला असावा तसा आवाज आला.

"बा अव्वा, बा... हितं हाय."