उसना हात

ओवी ढोले त्या बालरुग्णालयात रुजू झाली, तेव्हा तिने आयुष्यात कुणालाही सुई टोचली नव्हती. अठराव्या दिवशी तिने दीड किलोच्या बाळाची शीर पहिल्याच प्रयत्नात धरली. नर्सची उमेदवारी आता तीनच आठवड्यांची असे.

शेजारी उभ्या सिस्टर शीतल तायडे यांनी तो हात लगेच ओळखला. करंगळीने मनगट सावरणं, अंगठ्याने कातडी किंचित ताणणं, सगळं त्यांचंच होतं.

सायकल एकदा आली की माणूस विसरत नाही, कारण असली कसबं शब्दांत नव्हे, तर मेंदूच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत साठतात. हा साठा वाचून दुसऱ्याच्या मेंदूत उतरवण्याची रीत डॉ. हेमांगी बोबडे यांनी शोधली होती. त्या त्याला ‘हस्तस्मृती’ म्हणत. शीतलताईंनी चार महिने तारांच्या जाळीची टोपी घालून काम केलं आणि त्यांचा हात नोंदला गेला. आता चुंबकीय स्पंदनांनी तो राज्यभरातल्या तीनशे उमेदवारांमध्ये उतरला होता.

संमती देताना त्यांना अभिमान वाटला होता. पण हा हात तयार व्हायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. थोरल्या सिस्टरांची बोलणी, हुकलेल्या सुया, बाळांच्या आयांच्या डोळ्यांतला राग, यातलं ओवीने काहीच सोसलं नव्हतं. आणि आता आया म्हणत, त्या नव्या सिस्टरनाच बोलवा. शीतलताई तिच्या चुकीची वाट पाहू लागल्या.

एका दुपारी नऊशे ग्रॅमचं बाळ आलं. अंगातलं पाणी कमी होऊन त्याच्या शिरा बसल्या होत्या. असं बाळ शीतलताईंनीच घ्यायचं, हा नियम होता. त्यांनी ओवीला पुढे केलं.

बाळाच्या हातांत शीर सापडेना. ओवी डाव्या पायाकडे वळली आणि थबकली. शीतलताईंना क्षणभर बरं वाटलं. मग ते थबकणं त्यांनी ओळखलं; तेही त्यांचंच होतं. ओवीने श्वास घेतला, सुई घातली. शीर मिळाली, बाळ वाचलं.

नंतर कपड्यांच्या खोलीत ओवी रडताना सापडली.

“सिस्टर, डाव्या पायाशी काय झालं होतं?” तिने विचारलं. “तो पाय समोर आला की माझा जीव जातो. कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. कोण, ते मला माहीत नाही.”

शीतलताई चादरींच्या घड्या घालू लागल्या.

“तुमचा हेवा वाटतो मला. तुम्हाला निदान ते माहीत असेल.”

एकोणीस वर्षांपूर्वी शीतलताईंच्या हाताखाली एक तान्ही मुलगी गेली होती. बारसंही झालं नव्हतं तिचं. डाव्या पायाची शीर दोनदा फुटली, तिसऱ्यांदा मिळाली तेव्हा उशीर झाला होता. शीतलताईंनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“काही झालं नव्हतं,” त्या ओवीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉ. बोबडे यांना गाठलं आणि डाव्या पायाशी होणारं थबकणं तेवढं नोंदीतून काढून टाकायला सांगितलं. डॉक्टरांना ते आधीच ठाऊक होतं. दोनशेहून अधिक उमेदवारांनी तशीच तक्रार केली होती.

“काढून पाहिलं मी,” त्या म्हणाल्या. “ते काढलं की सुई चुकते. तेव्हा जे घडलं, त्यानंतरच तुमचा हात तयार झालाय, सिस्टर. पण काय घडलं ते तुम्ही त्यांना सांगितलंत, तर त्यांना ते सोसता येईल. माणसाला कारण कळलं की दुःख जागेवर बसतं.”

शीतलताईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. हात सगळ्यांचा झाला होता. त्या मुलीला ओळखणारं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. तिचे आईवडीलही आता नव्हते.

“ती माझी आहे,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

सोमवारी चाळीस नव्या उमेदवार तो हात उतरवून घ्यायला टोप्या घालून बसल्या. डाव्या पायाचं कारण त्यांना कुणी सांगितलं नाही.