फुंकता की थुंकता

"आई, खरं सांगा. तुम्ही त्या नळीत फुंकता की थुंकता?"

सून दारातच उभी, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. सासूबाईंच्या कपातला चहा हिंदकळला...

सून दम्याचं नवं औषध शोधणाऱ्यांतली, आणि घरातच दमेकरी सासू! नणंद फोनवर टोचायची, "वहिनी जगाला श्वास देणार, आणि माझी आई घरात छातीतून शिट्ट्या वाजवतेय." शिट्टीही अशी, की रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या आणि पोलीस गोंधळून सलाम ठोकायचा!

म्हणून सासूबाई औषधाच्या चाचणीत शिरल्या. कोणाला औषध आणि कोणाला नुसती साखरेची भुकटी, हे सुनेलाही ठाऊक नव्हतं. पण आपल्याला आराम पडलाच पाहिजे, हे सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं... पोरीच्या कष्टांना बोल लागता कामा नये! दम्याचा जुना पंप लपवला, खोकला उशीत दाबला. आणि श्वास मोजायच्या नळीत, लहानपणी फळाच्या बिया कुंपणापलीकडे उडवायच्या तशी, जिभेनं फट्‌कन फुंक मारली. काटा म्हणे छताला जाऊन चिकटला!

"कोणाला काय दिलं होतं, ती पाकिटं आज उघडली," सून म्हणाली. "तुम्हाला साखर होती. आणि आकडा पैलवानाचा."

"मला साखर मानवते गं."

"हसू नका. तुमच्यासारख्या आणखी चार सासवा निघाल्या, तर साखर जिंकेल आणि माझं औषध हरेल."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. जिला सावरायला गेलो, तिलाच खाली ओढलं आपण...

"मी तर तुझी बाजू..." पुढचे शब्द छातीतच अडकले. ओठ निळसर पडले.

"पंप कुठाय?"

त्यांनी शिवणाच्या डब्याकडे बोट केलं. सुनेनं दोरे, बटणं सगळं जमिनीवर उपडं केलं, पंप त्यांच्या तोंडाशी धरला. "हळू ओढा... आता धरून ठेवा... सोडा."

जरा वेळानं श्वास मोकळा झाला. सून गुडघ्यांवर तशीच बसून, डोळे पाण्यानं भरलेले.

"चाचणीवाल्यांना सांगून आलेय, तुमचे आकडे धरू नका म्हणून. पण महिनोन्‌महिने तुम्ही शेजारच्या खोलीत गुदमरत होतात, आई... आणि मी दमा शोधत बाहेर हिंडत होते. मला बरी सासू नको. खरी पाहिजे."

"आणि तुझ्या नणंदेला काय सांगायचं?"

"त्यांना म्हणावं, औषध अजून शोधतेय."

सासूबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि कितीतरी दिवसांनी, कसलीही भीड न बाळगता, मनसोक्त खोकल्या.