अलार्मची लाइन तोडली त्यानंतर…

आज माझा उपास आहे. उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, एवढं धरून वाचा.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझी धाकटी जाऊ तृप्ती नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. सात मजली सोसायटी, आणि ती तिथली सेक्रेटरी.

तिथे घरोघरी छताला धूर ओळखणारी यंत्रं आहेत. धूर झाला की इमारतीत भोंगा वाजायचा, एका कंपनीच्या ऑफिसात कळायचं आणि तृप्तीला फोन यायचा. बाईचा आवाज. मऊ, अगदी हळू.

"ताई, चौथा मजला. बघून येता का?"

दरवेळी निघायचा धूप, नाहीतर कापूर. म्हणून पूजा असली की लोक यंत्राला प्लॅस्टिकची पिशवी बांधून टाकत. कुणी विसरलं की फोन आलाच. चेअरमन गोरक्षभाऊ कातावले होते. मीटिंगमध्ये म्हणाले, "देवाला धूप दाखवायचा, तर आधी त्या बाईला विचारायचं का आता?"

सगळे हसले. सेवा बंद करायचं ठरलं. पत्रावर तृप्तीने सही केली. बुधवारी कंपनीचा हिरामण आला आणि फोन लावणारा डबा काढून घेऊन गेला. यंत्रं आणि भोंगा तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी महिन्यातला तिसरा गुरुवार. दिवेलागणीला तृप्ती लक्ष्मीची पूजा मांडत होती.

फोन वाजला…

"ताई, चौथा मजला. बघून येता का?"

तिने सांगितलं की, अहो, आम्ही तर कालच सेवा बंद केली.

"हो… माहीत आहे. बघून येता का?"

तृप्ती जिना चढून गेली. चौथ्या मजल्यावर वत्सलाबाई एकट्या राहत. मूळच्या कळवणकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या.

धूर नव्हता. वासही नव्हता.

"धूर कुठं हाय गं? माझे गुडघे तेवढे पेटलेत," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहा टाकला.

त्यांच्या छताच्या यंत्राला पिशवी तशीच होती. पिशवीखाली यंत्राला धूर कळणार कसा, आणि भोंगा वाजणार कसा? तृप्ती स्टूल मागणारच होती. मग मनात आलं, पुढच्या गुरुवारी उद्यापन, परत बांधावीच लागेल.

राहू दिली.

उद्यापनाच्या दिवशी सहाच्या सुमारास ती कहाणी वाचायला बसली. कहाणी सोडून मध्येच उठायचं नाही, हा आमच्या घरचा नेम.

फोन वाजला…

तोच नंबर.

तिने फोन पालथा घातला.

परत वाजला…

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा ती मोठ्याने वाचू लागली.

मग फोन गप्प झाला. कहाणी पुरी झाली, आरती झाली, आणि वरून कुणाची तरी किंकाळी आली.

वत्सलाबाईंचा पदर निरांजनावर गेला होता. भोंगा वाजलाच नाही. शेजारच्यांना कळेपर्यंत उशीर झाला.

त्या वाचल्या नाहीत.

अग्निशमनचे लोक म्हणाले, आग साडेसहानंतरची. पहिला फोन सहाचा. म्हणजे फोन आले तेव्हा चौथ्या मजल्यावर काहीच पेटलं नव्हतं…

तृप्तीने हिरामणला गाठलं. त्याने तिला टेबलावरचा डबा दाखवला. वायरी गुंडाळलेल्या.

"ताई, संध्याकाळच्या पाळीला आम्ही दोघंच असतो, मी आणि दीपक," तो म्हणाला. "आमच्याकडं बाई कधीच नव्हती."

सोसायटीने घाईघाईने सेवा परत सुरू केली. पिशव्या सगळ्यांनी काढल्या. मला वाटलं, संपलं.

पौषात एका संध्याकाळी तृप्तीचा फोन वाजला. या वेळी आवाज मऊ नव्हता. म्हातारा, थकलेला.

"तृप्ती, सहावा मजला. बघून येतेस का?"

तो वत्सलाबाईंचा आवाज होता.

ती धावत वर गेली. सहाव्यावर काहीच नव्हतं. एका घरात पाळण्यातलं बाळ झोपलेलं. दुसऱ्या घरात भाकरीचा वास.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन सहाव्या मजल्याच्या पायरीवर बसते. घरातले रागावतात. ती उठत नाही.

मी दिवा लावला की तिला फोन करते. ती पहिल्याच रिंगला उचलते. मी माझं नाव सांगते, तरी ती माझा आवाज कान देऊन ऐकत राहते…

मग अगदी हळू विचारते, "नक्की तुम्हीच ना, ताई?"