तेविसावा प्रश्न

आशिष, ते फॉर्म जरा इकडे दे बघू.

हं. सखुबाई, वय पस्तीस, मुलं दोन. छगन, वय चाळीस, मुलं दोन. सगळ्यांची शाई एक आणि सगळ्यांना मुलं दोनच? गच्चीवर बसून कॉलेजचं सर्वेक्षण चाललंय वाटतं! वर्षा, तू हसू नकोस, तुझंही अक्षर दिसतंय यात. मी रागावत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली, असले गठ्ठे रद्दीत घालून हात काळे झालेत. पण हे पुढं भरण्याआधी आपल्या अविनाशसरांचं काय झालं ते ऐका. तीन वर्षं झाली त्याला. त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आणि शेवटी जे उरलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या साली आमच्या स्टाफरूममध्ये पीएच.डी.ची साथ आली होती. संस्थेनं फतवाच काढला. २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत ज्याचा प्रबंध दाखल होणार नाही, त्याची नोकरी पक्की होणार नाही. झालं! पर्यटनाच्या बाई रविवारी डुमसच्या किनाऱ्यावर उभ्या राहून माणसं मोजायच्या. स्थापत्यवाले गोपीपुऱ्यातल्या जुन्या लाकडी घरांचे खांब टेपनं मोजत हिंडायचे. रसायनवाल्यांनी खाडीचं रंगीत पाणी बाटल्यांत भरून चहाच्या टेबलावर मांडलं होतं, एकदा शिपाई त्यातलं सरबत समजून प्यायला निघाला होता.

अविनाशसरांचा विषय माणसांचा होता. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं सुरत रिकामी झाली, तेव्हा लिंबायत-डिंडोलीतले आपले खानदेशी यंत्रमाग कामगार गावी पळाले. कोण गेलं, कोण राहिलं, कोण परत आलं, याचा अभ्यास. एकतीस प्रश्नांचा फॉर्म आणि तीनशे कुटुंबं.

आता बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला एकतीस प्रश्न विचारून बघा. कोणी म्हणे, यानं रेशनकार्ड मिळेल का? कोणी म्हणे, लिहा काय ते, मी झोपतो. सगळ्यात नको असलेला प्रश्न तेविसावा. 'गावी कायमचं परत कधी जाणार?' तो ऐकला की हसणारा माणूस गप्प व्हायचा, आणि गप्प असलेला दार लावून घ्यायचा. खरं सांगायचं तर सरांनाही तो प्रश्न नकोच होता. त्यांची आई बेटावदजवळच्या खेड्यात एकटी. दर महिन्याला तिचं कार्ड यायचं, कधी येतोस? आणि यांनी हट्टानं ठरवलेलं, डॉक्टर झाल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही. दोन वर्षं गेले नव्हते. विषय तीनदा बदलायला लावला गाईडसाहेबांनी, प्रकरणं चारदा फाडली. वैताग वैताग झाला होता माणसाचा.

जानेवारीअखेर दोनशे नव्याण्णव फॉर्म झाले. तीनशेवा काही होईना. नियम होता, गल्लीतलं दर पाचवं घर घ्यायचं. शेवटचं पाचवं घर आलं ते बंद. तीनदा गेले, तीनदा कुलूप. सर गाईडसाहेबांना म्हणाले, एकानं काय फरक पडतो?

"अविनाशभाई," साहेब म्हणाले, "त्रणसो एटले त्रणसो. तीनशे म्हणजे तीनशे."

चौथ्या खेपेलाही कुलूप दिसलं तेव्हा सरांचं डोकं फिरलं. तिथंच, त्या बंद घराच्या पायरीवर बसले, पेन काढलं आणि फॉर्म भरून टाकला. नाव सुचेना म्हणून लिहिलं, धुडकू मारुती. वय चाळीस. मुलं दोन. गाव सरळ स्वतःचंच लिहिलं, म्हणजे अंतर, भाडं सगळं तोंडपाठ. सुरतला कधी आलात? १९८१. प्लेगमध्ये गावी गेलात का? नाही. तेविसाव्या प्रश्नाशी पेन अडलं. तेवढी एक ओळ त्यांनी कोरी सोडली.

आणि गाईडसाहेबांनी गठ्ठ्यातून नेमका तोच फॉर्म ओढला.

"आ खाली केम छे? ही ओळ कोरी का? एक काम करा. शनिवारी शिवरात्रीची सुट्टी आहे. सकाळी मीच येतो तुमच्याबरोबर. या माणसाला भेटू."

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. एक फॉर्म खोटा निघाला की बाकीच्या दोनशे नव्याण्णवांवर कोण विश्वास ठेवणार? चार वर्षं पाण्यात आणि नोकरीही गेली. तेव्हा त्यांनी काय करावं? माणूसच उभा करायचा ठरवला. शुक्रवारी दुपारी गल्लीत गेले. बंद घराला लागून प्रमिलाबाईंचं घर, त्या ओट्यावर साडीला टिकल्या लावत बसलेल्या.

"मावशी, पाच मिनिटांचं काम आहे. उद्या माझे साहेब येतील. काकांनी फक्त म्हणायचं, मी धुडकू मारुती, हे शेजारचं घर माझं."

"आनि कुलूपनी चाबी?"

"हरवली म्हणायचं."

प्रमिलाबाईंनी सुई थांबवून त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "त्यासले इचारसू. रातले या."

तर शुक्रवार, सोळा फेब्रुवारी. शिवरात्रीची आदली रात्र. पावणेनऊ वाजले होते. तुम्हाला लिंबायत माहीत आहे, मागांची खटखट चोवीस तास चालू. तिथल्या माणसाला ती ऐकूही येत नाही. सर गल्लीत शिरले तेव्हा ती चालू होती, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

गल्लीच्या टोकाचा दिवा गेलेला होता. बंद घराच्या पायरीवर एक माणूस बसला होता. गुडघे पोटाशी. केसांवर, खांद्यांवर धाग्यांचा भुगा. पाळीवरून आल्यासारखा.

सरांना हायसं वाटलं. ते शेजारी पायरीवर टेकले. प्रमिलाबाईंनी नवऱ्याला तयार केलं तर!

"काका, तुम्हीच ना? सांगितलं ना मावशींनी?"

माणसानं मान हलवली. हो म्हणाला की नाही, अंधारात कळलं नाही.

"बरं. साहेब विचारतील तसं विचारतो. एकदा तालीम करू. नाव?"

"धुडकू मारुती."

"छान. वय?"

"चाळीस."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं. सरांचंच.

"सुरतला कधी आलात?"

"एक्क्याऐंशीमा."

सर म्हणणार होते, वा, चांगलं पाठ केलंत. आणि एकदम आठवलं. त्यांनी प्रमिलाबाईंना नाव तेवढं सांगितलं होतं. वय नाही. गाव नाही. साल नाही. फॉर्म गल्लीत कोणाला दाखवलाच नव्हता.

पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप गेला.

"मुलं… किती?"

"तुम्ही लिखं ना. दोन."

सरांनी पिशवी छातीशी ओढली.

"त्यासना नावं नही लिखात तुम्ही."

आवाजात राग नव्हता. तक्रार होती. रांगेत फार वेळ उभ्या राहिलेल्या माणसाची असते तशी. सरांनी उठायचं ठरवलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं… माग थांबले होते. एका कारखान्यातले नाही. सगळे. कुठूनच आवाज नाही. कुत्र्याचाही नाही.

"तेविसावा राही गया," तो माणूस म्हणाला.

सरांनी पिशवीतून फॉर्म बाहेर काढला. अंधारात अक्षर दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

"गावी… कायमचं परत… कधी जाणार?"

त्या माणसानं खांद्यावरचा भुगा झटकला.

मग…

"तुम्ही जाशात तवय."

तो सरांकडं वळला.

"तुमना संगे."

"सर! कोनासंगे बोली ऱ्हायनात?"

प्रमिलाबाई हातात चिमणी घेऊन दारात उभ्या होत्या. खटखट चालू झाली होती, किंवा चालूच होती, कोण जाणे. पायरीवर कोणी नव्हतं. सरांनी मागं हात टेकला तो कुलपाला लागला. गंजलेलं, थंड.

"तुमचे मालक… आत्ता इथं होते ना?"

"ते रातपाळीले गयात. मी तुम्हले तेच सांगाले उनू. त्या नही म्हनतस. खोटं काम नको."

सरांनी सगळं सांगितलं. आपण नाव कसं ठोकून दिलं तेही. प्रमिलाबाईंनी चिमणी खाली ठेवली, ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरला. नंतर बोलल्या त्या सरांकडं न बघता.

"तठे एक माणूस राहे. एकला. नाव? नाव कोन इचारस भाऊ, मागवर नंबर ऱ्हास. पलेगमा आम्ही टेम्पो करा, अख्खी गल्ली निंघनी. तो टेम्पोना मागे पळत उना. म्हने, माले बी लई चला, एकला कसा जाऊ. टेम्पो भरेल व्हता." त्यांनी चिमणीची वात खाली केली. "एक माणूसनी जागा व्हती, सर. आम्ही भ्यायनूत. तो खोकलत व्हता."

"मग?"

"जो जो गावले गया, त्यानी पोचलो म्हनी कार्ड टाकं. त्यानं कार्ड कोनलेच उनं नही. आम्ही महिनाभरमा परत उनूत तं दारले कुलूप. कोनी लावं, कोनले ठाऊक नही."

सर रात्रभर झोपले नाहीत. सकाळी सात वाजता गाईडसाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. साहेब, तीनशेवा फॉर्म खोटा आहे. माणूस मी बनवला. काय शिक्षा करायची ती करा.

साहेब दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "अरे, बसो नव्वाणुं पण चाले! ए तो में अमथुं कह्युं हतुं."

दोनशे नव्याण्णवही चालतात, ते आपलं उगाच म्हटलं होतं! चार वर्षांत सरांना त्यांचा इतका संताप कधी आला नव्हता. मला सांगताना सुद्धा त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. ज्याच्यापायी रात्रीचे माग बंद पडले, तो फॉर्म कोणाला नकोच होता!

प्रबंध सव्वीस तारखेला दाखल झाला. दोनशे नव्याण्णवांवर. नोकरी पक्की झाली. आता गावी जायला अडचण काय होती? काहीच नाही. तरी सर जाईनात. आईचं कार्ड आलं की म्हणायचे, पेपर तपासायचेत. फॉर्म फाडवेना, टाकवेना. पिशवीत तसाच. आम्हाला वाटायचं, डॉक्टर होणार याची मिजास. ते भीत होते रे. आपण एकटे जाणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मे महिन्यात कार्ड आलं, ते शेजारच्या पोरानं लिहिलेलं. आईला दिसत नाही, एकदा येऊन जा.

अठरा मे, शनिवार. उधन्याहून रात्रीची भुसावळ पॅसेंजर होती. स्टेशनवर जाण्याआधी सर रिक्षा वळवून लिंबायतला गेले. त्या दारापुढं उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "निघालो मी." आणि रिक्षात बसले. बसताना एका बाजूला सरकून बसले.

सुट्टीचे दिवस, गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. सर खिडकीशी. शेजारची जागा मोकळी. का मोकळी, माहीत नाही. लोक दाराशी उभे, आणि तिथं कोणी बसेना. नंदुरबारला एक म्हातारा चढला, गाठोडं घेऊन. त्यानं विचारलं, "आठे कोनी शे का?"

बारा वर्षं कॉलेजात शुद्ध मराठी बोललेला माणूस. त्याच्या तोंडून एकच शब्द आला.

"शे."

म्हातारा पुढं गेला.

पहाटे बेटावदला उतरले. तीन मैल चालत. सगळा वेळ मागं चपला वाजत होत्या. सरांनी वळून बघितलं नाही. भीती होती का, मी विचारलं. म्हणाले, "पहिला मैल होती. मग वाटलं, दमला असेल. मी हळू चालू लागलो." गावाच्या शिवेवर मारुतीचं देऊळ आहे. तिथवर चपला आल्या. तिथं थांबल्या…

घरी आई ओट्यावर बसूनच होती. सरांनी तिचे पाय धरले, खूप रडले. मग हातपाय धुवायला म्हणून टॉवेल काढायला पिशवी उघडली.

फॉर्म सगळ्यात वर होता. पिशवीला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली सरांच्या जानव्याला. मी तो पाहिलाय, आशिष. सगळी उत्तरं सरांच्या निळ्या शाईत, वळणदार. फक्त तेविसाव्या प्रश्नापुढची ओळ, जी कोरी होती, तिच्यावर ताग्यांवर नंबर टाकतात ना, त्या जांभळ्या पेन्सिलीनं, मोठेपणी अक्षर शिकलेल्या माणसाच्या हातानं, वाकडं, दाबून लिहिलेलं…

पोचलो.